आधी मशिन फिरू दे, मग फळा लावा

वाचकाचं पत्र:

नमस्कार सर,
आमच्या सासऱ्यांनी १९७८ साली शिरोली एमआयडीसीत फाउंड्री काढली. बरीच वर्षं तिथलं मस्टर आणि पगारपत्रक मी सांभाळलं. सासरे गेले, ऑर्डरी तुटल्या आणि सहा वर्षांपूर्वी भट्टी थंड झाली ती झालीच. आता एक जण गोडाऊनसाठी जागा मागतोय. पुण्याचे मोठे भावजी म्हणतात, देऊन टाका. धाकट्या भावजींना मुलीच्या मेडिकलसाठी पैसे हवेत. आमचे हे कुणालाच काही बोलत नाहीत. मुलगा नेदरलँड्सला डेल्फ्टमध्ये शिकतो. त्यानं रॉटरडॅमला जहाजं बांधायची एक जुनी गोदी पाहिली. तिथं आता कंपन्या आणि कॉलेज एकाच छपराखाली आहेत म्हणे. तेव्हापासून त्यानं धोशा लावलाय की आपल्या शेडमध्ये पोरांसाठी ट्रेनिंग सेंटर काढू. घरात सगळे त्याला खुळ्यात काढतात. मी पोराच्या बाजूनं उभं राहू की भावजींचं ऐकू?
– एक वाचक, कोल्हापूर

ताई,

पोरगं खुळं नाही, हे आधी सांगून टाकतो. त्यानं पाहिलंय ते खरंच आहे. फक्त त्यानं ते सगळं उभं राहिल्यावर पाहिलंय, आणि तुम्हाला निर्णय घ्यायचाय तो उभं राहण्याच्या आधीचा.

तुम्ही गोदीचं नाव लिहिलेलं नाही, पण रॉटरडॅम आणि एका छपराखाली कॉलेज म्हटल्यावर ती आरडीएमच असणार. १९०२ साली निघालेली ही कंपनी. कामगारांसाठी तिनं शेजारीच हेइप्लाट नावाचं आख्खं गाव वसवलं. ‘रॉटरडॅम’ हे प्रवासी जहाज तिथलंच. १९५९ ला ते पहिल्या सफरीला निघालं आणि आज त्याच शहरात हॉटेल होऊन उभं आहे. पुढं जहाजबांधणी जपान-कोरियाकडं सरकली, युरोपातल्या गोद्या एकेक करून बसल्या, तशी हीपण नव्वदच्या दशकात संपली. मग बंदर प्राधिकरणानं आणि तिथल्या शिक्षणसंस्थांनी मिळून जुन्या मशिन हॉलमध्ये एका अंगाला कंपन्या आणि दुसऱ्या अंगाला मुलांची वर्कशॉपं बसवली. गोदी बंद पडल्यापासून मुलं आत येईपर्यंत दहा वर्षांहून जास्त काळ गेला. तेवढी कळ काढायला बंदर प्राधिकरणासारखा दांडगा मालक होता. तुमच्यामागं बंदर नाही, तीन भाऊ आहेत.

म्हणून मुलाला मी दुसऱ्या एका गोदीचा इतिहास वाचायला सांगेन. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन नेव्ही यार्डचा. १८०१ ची ही सरकारी गोदी. दुसऱ्या महायुद्धात तिथं सत्तर हजारांच्या आसपास माणसं राबत होती. ज्या ‘मिसुरी’ युद्धनौकेच्या डेकवर १९४५ ला जपाननं शरणागतीच्या कागदावर सही केली, ती इथंच बांधलेली. १९६६ ला सरकारनं गोदी बंद केली आणि जागा शहरानं विकत घेतली. पुढं जे झालं ते मुलाला नीट वाचायला सांगा. सुरुवातीला सगळी भिस्त एका मोठ्या भाडेकरूवर ठेवली. तो तिथं तेलवाहू जहाजं बांधायचा. सत्तरचं दशक संपता संपता त्याचं काम थांबलं आणि यार्ड पुन्हा आडवं झालं. मग शहाणपण सुचलं आणि भल्यामोठ्या इमारतींचे तुकडे पाडून छोट्या छोट्या कारखानदारांना गाळे दिले. कुणी सुतार, कुणी पत्र्याचं काम करणारा, कुणी नाटक-सिनेमाचे सेट बनवणारा. आज तिथं पाचशेच्या वर धंदे आहेत. जमीन मात्र शहरानं विकली नाही, सगळं भाड्यानं. आणि आसपासच्या हायस्कुलांमधली अकरावी-बारावीची मुलं अर्धा दिवस येऊन काम शिकतात ते स्टीम सेंटर यार्डात आलं २०१९ ला. म्हणजे गोदी बंद पडल्यानंतर पन्नास वर्षांहून उशिरा, गाळे भरलेले असताना.

मला तुमच्या घरासाठी यातनं एवढंच काढायचंय. आधी काम आणा. ट्रेनिंग त्या कामाच्या अंगानं येऊ द्या. मुलगा उलट्या टोकानं निघालाय. तो आधी वर्ग, बाकं, प्रोजेक्टर आणि बोर्ड लावणार, आणि काम कुठनं येणार हे नंतर बघणार. असली सेंटरं मी माझ्या नोकरीत किती पाहिली! उद्घाटनाला मंत्री, तिसऱ्या बॅचला निम्मी बाकं रिकामी, पाचव्या वर्षी मशिनवर ताडपत्री. सर्टिफिकेटं वाटली जातात, पण पोरगं शिरोलीच्या फाटकावर गेलं की सुपरवायझर मोजमापाच्या हत्याराचं विचारतो, “व्हर्नियर धरता येतो का?” आणि तिथंच गाडी अडते.

मी आयटीआयत शिल्पनिदेशक, म्हणजे हातातलं काम शिकवणारा मास्तर होतो, फिटर ट्रेडला. पहिल्या वर्षाच्या पोराला लोखंडाचा तुकडा आणि कानस द्यायची, घास म्हणायचं. चार-चार दिवस घासून पोरगं काटकोन बघायचा गुण्या लावून उजेडाकडं धरतं. फटीतनं उजेड दिसला की पुन्हा कानस. हे वर्गात होतं, मान्य. पण त्यानं घासलेला तुकडा कुठल्या पंपात बसणार नसतो, त्यामुळं तो चुकला तरी कुणाचं काही अडत नाही. तोच पोरगा चालू वर्कशॉपमध्ये गेला की महिन्याभरात बदलतो, कारण तिथं जॉब, म्हणजे बनवलेला भाग, रिजेक्ट झाला की मालक येऊन बघतो. तुमच्या फाउंड्रीतला वाळूचे साचे करणारा जुना मोल्डर आठवा. वाळू मुठीत घट्ट दाबायचा, मूठ उघडायचा, बोटांचे ठसे जागच्या जागी राहिलेत का बघायचा, मग दोन्ही हातांनी तो गोळा मोडून कड कशी तुटते ते बघायचा. पाणी कमी की जास्त हे त्याला त्यातनं कळायचं. मॉइश्चर टेस्टर आज मिळतो आणि वापरावाच. पण टेस्टरवरचा आकडा आणि हातातली वाळू यांची सांगड घालणारा माणूस भट्टी पेटलेल्या शेडमध्येच तयार होतो. मुंबईची माझगाव गोदी आजही आठवी, दहावी आणि आयटीआय झालेली पोरं अॅप्रेंटिस म्हणून घेते. ती पोरं शिकून निघतात, कारण शाळेच्या पलीकडं खरं जहाज उभं असतं.

आता तुमच्या शेडकडं येतो. बाहेरच्याला ती पडीक दिसते. मला त्यात तीन गोष्टी दिसतात: उंची, क्रेन आणि वीज. उद्यमनगरात आणि पांजरपोळात किती तरी वर्कशॉपं दीड गाळ्यात दोन मशिनं कोंबून बसलीत. तिथं दोन टनांचं कास्टिंग उचलायचं म्हटलं की चेन पुली बांधा, चार माणसं बोलवा, रस्त्यावर टेम्पो आडवा लावा. अशा माणसाला क्रेनखालचा एक बे, म्हणजे शेडमधला खांबांच्या दोन ओळींमधला पट्टा, द्या, तो आनंदानं येईल. तुमचे किती बे आहेत ते पत्रात नाही. पण फाउंड्रीची शेड म्हणजे दोनाला मरण नाही. सगळी शेड एकाला देऊ नका. ब्रुकलिनच्या सुरुवातीच्या वर्षांत जे झालं ते इथंही होईल. तीन-चार छोटे घ्या, आणि जमलं तर एकमेकांना लागणारे घ्या: एक पॅटर्नवाला, म्हणजे ओतकामाचे नमुने करणारा, एक सीएनसी-व्हीएमसीवाला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं असलेला, आणि एक फॅब्रिकेशनवाला. एकाचा जॉब दुसऱ्याकडं जातो, भाडं कुणी बुडवत नाही. पोराला एका आवारात तीन कामं दिसतात, हा वरचा फायदा.

हे सगळं कागद काढल्यावर. एमआयडीसीतला भूखंड विकतो असं आपण बोलण्यात म्हणतो, पण ती जमीन तुमची नाही. तो ९५ वर्षांचा भाडेपट्टा असतो. दुसऱ्याच्या नावावर करायचा तर एमआयडीसीची परवानगी आणि हस्तांतरणाचं शुल्क, पोटभाड्यानं द्यायचा तर त्याचीही परवानगी आणि शुल्क. गोडाऊनवालासुद्धा यातनं सुटत नाही, आणि हा खर्च तो बहुधा तुमच्या आकड्यातनंच वजा करेल. म्हणजे मोठ्या भावजींनी मनात धरलेला आकडा आणि हातात पडणारा आकडा वेगळे असणार. शिवाय भूखंड दिलेला असतो तो उत्पादनासाठी. सहा वर्षं कुलूप लावून ठेवलेली जागा हा तुमच्या बाजूचा कच्चा दुवा आहे, तेव्हा प्रादेशिक कार्यालयात जाऊन फाइलवर आज काय आहे ते बघून घ्या. पट्टा सासऱ्यांच्या एकट्याच्या नावावर आहे की भागीदारी फर्मच्या, वारसनोंद झालीय का, हेही त्यातच कळेल. आणि एक विचारतो. पत्रात तुम्ही तीन भाऊ लिहिलेत. नणंद आहे का? असेल तर तिचाही वाटा आहे. तिची सही शेवटी आठवली की घरं मोडतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

विजेचं बघा. एचटी, म्हणजे उच्च दाबाचं, कनेक्शन कायमचं तोडलंय की नुसतं बंद आहे, थकबाकी किती, मंजूर लोड किती. जुनी थकबाकी जागेबरोबर नव्या माणसाच्या गळ्यात पडू शकते, म्हणून कुठलाही शहाणा भाडेकरू हे पहिल्यांदा विचारेल. क्रेनचं परीक्षण कारखान्यांच्या सुरक्षेच्या नियमानं दर बारा महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडनं व्हावं लागतं. तुमची सहा वर्षं लटकलीय, तर परीक्षण होईपर्यंत तिला कुणी हात लावू नये. मागं टाकलेल्या काळ्या वाळूचा ढीग असेलच. तो शेजारच्या ओढ्यात ढकलायचा मोह होतो. नको. प्रदूषण मंडळाच्या नियमानं त्याची सोय लावा.

पुराचं तर तुम्ही स्वतःच सांगू शकाल. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला पंचगंगेच्या पाण्यानं शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवे बंद पडला होता. तुमच्या शेडमध्ये पाणी आलं होतं का, आलं तर भिंतीवर कुठवर? त्या खुणेच्या वर मशिनचं पॅनेल आणि मोटर बसवता येत असेल तर पुढं जा. नसेल तर हा खर्च आधी धरा.

ट्रेनिंगकडं मी आता येतोय, आणि मुलाला हाच क्रम ठेवायला सांगा. खासगी आयटीआय काढण्याच्या भानगडीत पडू नका. मान्यता, ठरावीक चौरस मीटर, ठरावीक मशिनं, तपासण्या, प्रवेश भरण्याची धावपळ, यात तुमचा इंजिनिअर मुलगा हेडक्लार्क होऊन बसेल. कळंब्याला सरकारी आयटीआय आहे, पॉलिटेक्निक आहे, पोरं तिथं शिकतायत. त्यांना कमी पडतंय ते चालू मशिनवरचे तास. आयटीआयमध्ये दुहेरी प्रशिक्षणाची पद्धत आहे, म्हणजे काही काळ संस्थेत आणि काही काळ कारखान्यात. तुमच्या आवारातले भाडेकरू तो कारखाना होऊ शकतात.

दुसरा रस्ता अॅप्रेंटिसचा. १९६१ च्या कायद्यानं आज तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अॅप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. चार ते एकोणतीस माणसांच्या वर्कशॉपला ते ऐच्छिक आहे. तुमचे भाडेकरू या दुसऱ्या गटात मोडणार, आणि ऐच्छिक म्हटलं की आपल्याकडं कुणी घेत नाही. का घेत नाही हे मी मालकांना विचारत आलोय. पैसा हे खरं कारण नसतं. केंद्राच्या २०१६ पासूनच्या योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के भाग, महिना १५०० रुपयांपर्यंत, सरकार उचलतं. खरी अडचण पहिल्या तीन महिन्यांची आहे. पोरगं नवं आहे, त्याला ड्रॉइंग वाचता येत नाही, मायक्रोमीटर येत नाही, आणि पाच माणसांच्या वर्कशॉपमध्ये त्याला शिकवायला मोकळा माणूस नाही. त्यानं काहीतरी मोडायच्या आधी मालकच त्याला घरी पाठवतो.

तर तुमचं सेंटर या तीन महिन्यांपुरतं असू दे. शेडच्या एका कोपऱ्यात एक खोली: वाईसची टेबलं, दोन जुनी लेथ, मोजमापाची हत्यारं, एक फळा. आवारातल्या चारही भाडेकरूंची नवी पोरं तिथं एकत्र पाया पक्का करतील आणि मग आपापल्या मालकाकडं जातील. कायद्यातही आयटीआय न झालेल्या नवख्याला आधी असं मूलभूत प्रशिक्षण द्यावंच लागतं. एका वर्कशॉपला ते झेपत नाही, चौघांत झेपतं. भाडेकराराच्या कागदातच लिहा: भाडं बाजारापेक्षा थोडं कमी, पण प्रत्येक भाडेकरूनं दरवर्षी अमुक पोरं घ्यायची. नाही घेतली तर पूर्ण भाडं. आमच्याकडची माणसं धर्मादाय काम म्हणून पोरं घेणार नाहीत, भाड्यातली सूट दिसली की घेतील. मुलाला हे आवडणार नाही बहुतेक, त्याला सगळ्यांच्या डोळ्यांत ध्येय दिसत असतं. त्या वयात दिसावंच.

सरकारी योजना मिळाल्या तर घ्या, पण त्यांच्यावर महिन्याचं गणित मांडू नका. त्या येतात, नाव बदलतात, जातात.

शिकवायला कोण, हा प्रश्न तुम्हीच सोडवू शकता. तुमच्या मस्टरवरची जुनी माणसं आठवा. पॅटर्नमेकर, मोल्डर, फेटलिंगचा, म्हणजे ओतलेला भाग घासून साफ करण्याचा, मेस्त्री. त्यातले काही अजून हिंडते-फिरते असतील. त्यांना रोज दोन तास बोलवा, मानधन द्या, नुसता सत्कार करून घरी पाठवू नका. त्याआधी एक तपासा: भट्टी बंद झाली तेव्हा कुणाची ग्रॅच्युइटी, कुणाचा पीएफ राहिलाय का? पगारपत्रक तुमच्या हाताचं आहे, तुम्हाला बसल्या जागी आठवेल. राहिलं असेल तर ते पहिलं. त्या माणसाचे पैसे बुडवून त्याच्याच शेडमध्ये तरुणांना घडवण्याचा बोर्ड लागला, तर शिरोलीत लोक तोंडावर बोलणार नाहीत, पण बोलतील.

मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आणि सुटायची वेळ केएमटीच्या बसला जुळणारी, एवढं पहिल्या दिवसापासून करा. सीएनसीवर, तपासणीत, ड्रॉइंगमध्ये मुली उत्तम काम करतात. त्यांना आत येऊ न देणारी गोष्ट बहुतेक वेळा संध्याकाळी सातची बस असते.

आता भावजी. मोठ्यांना बाजूला ठेवा, त्यांना फक्त कटकट संपवायचीय. धाकट्यांची गरज खरी आहे आणि तिला तारीख आहे. पोरीच्या फीपुढं कुणी गोदीच्या गोष्टी सांगू नयेत. ब्रुकलिनच्या कौतुकानं फी भरली जात नाही. म्हणून दोन कागद करा, तुमच्याच अक्षरात, पगारपत्रकासारखे. एकावर गोडाऊनचा आकडा, त्यातनं शुल्क, कर, थकबाकी वजा करून प्रत्येकाच्या हातात काय. दुसऱ्यावर दोन बे भाड्यानं दिले तर डागडुजी वजा जाता महिन्याला काय, आणि त्यातला धाकट्यांचा हिस्सा किती. त्यांना एकरकमीच हवं असेल तर त्यांचा हिस्सा तुम्ही किंवा मोठ्यांनी विकत घेण्याची ताकद आहे का, हेही मांडा. ताकद नसेल आणि भाड्यातनं त्यांची फी निघत नसेल, तर गोडाऊनला द्या. मनात काही न ठेवता द्या. मुलाला आयुष्यात दुसरी शेड मिळेल.

आणि मोठ्या आराखड्याची वाट बघत बसू नका. शाहू महाराजांनी १९०६ ला उभी केलेली शाहू मिल आपल्या डोळ्यांसमोर आहे. बंद पडून वीस वर्षं उलटली, त्या जागेसाठी कधी गारमेंट पार्क म्हणाले, कधी स्मारक. शहराच्या मध्यावरची जागा, नाव शाहूंचं, तरी हे. तुम्ही दोन बेवर सुरुवात करा. बाकीचे तसेच राहू देत.

गोडाऊनवाल्याला अजून नाही म्हणू नका. त्याचा आकडा लेखी घ्या आणि दिवाळीपर्यंत मुदत मागा. मुलगा सुट्टीला आला की लॅपटॉप घरी ठेवून त्याला पंधरा दिवस उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावला फिरायला लावा. प्रत्येक वर्कशॉपमध्ये तीनच प्रश्न विचारायचे: तुम्हाला क्रेनखाली जागा मिळाली तर किती भाडं द्याल, कधी याल, आणि तीन महिने शिकवून दिली तर किती पोरं घ्याल? वही भरून आणू दे. चार जणांनी तारखेसकट उत्तर दिलं तर ती वही घेऊन भावजींच्या समोर बसा, आणि तिथं ह्यांच्याऐवजी तुम्हीच बोला.